ज्याचं त्याचं भांडं

मावशींना किळस नव्हती. कमी होती असं नव्हे, नव्हतीच. रिसोडच्या ज्या दवाखान्यात मी नर्स म्हणून पहिली नोकरी धरली, तिथं पहिल्याच सकाळी मी पाहिलं, पन्नाशीची एक ठेंगणी बाई, पदर कमरेला खोचलेला, एका म्हाताऱ्याची घाण उघड्या हातांनी पुसत होती आणि पुसता पुसता त्याला विचारत होती, "बाबा, काल सुनेनं डब्यात काय देल्लं होतं?" म्हातारा शरमेनं भिंतीकडे तोंड करून पडलेला. तो हळूच म्हणाला, "खिचडी." मग त्या खिचडीत मीठ कमी पडलं होतं की जास्त, यावर दोघांचं बोलणं रंगलं आणि म्हातारा या कुशीवर वळला. मी दारात उभी होते, हातात हातमोज्यांचं नवंकोरं खोकं. कॉलेजात शिकून, प्रमाणपत्र घेऊन आलेली मी, आणि मलाच आत पाऊल टाकवत नव्हतं. आज तो प्रसंग आठवला की लाज वाटते. तेव्हा लाज वाटली नव्हती, नुसता धक्का बसला होता.

वॉर्डात झाडलोट करणाऱ्या, रुग्णांचं हगणंमुतणं काढणाऱ्या बाईला सगळीकडेच मावशी म्हणतात. आमच्याकडे तशा तिघी होत्या, पण नुसतं 'मावशी' म्हटलं की या एकच. बाकी दोघींना नावानं हाक मारावी लागे. डॉक्टरांपासून चहावाल्यापर्यंत सगळे मावशींना अहोजाहो करत, आणि मावशी डॉक्टर सोडून दवाखान्यात काम करणाऱ्या सगळ्यांना अरेतुरे. मला पहिल्या दिवसापासून "काहून वं पोरी". मी एकदा म्हटलं, मावशी, रुग्णांसमोर तरी सिस्टर म्हणा. त्यांनी मला खालीवर न्याहाळलं आणि म्हणाल्या, "जेवली का तू?"

वॉर्डात शिरल्यावर कुणीही आधी रुग्णाच्या चेहऱ्याकडे पाहतो. मावशी वाकून खाटेखाली पाहायच्या. ज्यांना उठता येत नाही त्यांना लघवीसाठी नळी घातलेली असते आणि नळीच्या टोकाला पिशवी असते. ती पिशवी खाटेच्या दांडीला खाली टांगलेली हवी. गादीवर नको आणि फरशीवर लोळायलाही नको. "आदी खाली पाह्य, मंग वर पाह्य," हे त्यांच्याकडून मला मिळालेलं पहिलं शिक्षण. नातेवाइकांना या पिशवीची फार शरम. एकदा एका बाईला पाहायला व्याही येणार म्हणून घरच्यांनी पिशवी उचलून तिच्या पोटावर ठेवली आणि वरून ठेवणीतली शाल पांघरली. व्याही खुर्चीवर बसून पाऊसपाण्याच्या गोष्टी करत होते, तेवढ्यात मावशी आल्या. शाल बाजूला सारली, पिशवी सगळ्यांदेखत खाली टांगली आणि व्याह्यांना म्हणाल्या, "तुमी मुतत नाई का? आंगातून गेलेलं पानी वापस आंगात जाऊन राह्यलं तिच्या. ताप भरन तिले. इज्जत पाह्यता का मानूस पाह्यता?" व्याही उठून बाहेर गेले. ती बाई मात्र तोंडावर पदर घेऊन हसत होती.

पाणी पाजायचा त्यांना नाद होता. डॉक्टरांनी मनाई केलेली नसेल त्या प्रत्येकाच्या उशाशी त्या तांब्या भरून ठेवायच्या, आणि संध्याकाळी तो तसाच भरलेला दिसला की त्या माणसाची धडगत नसे. सोयाबीनच्या सोंगणीच्या, म्हणजे कापणीच्या दिवसांत मजूर बाया लघवीची जळजळ घेऊन यायच्या, कंबर धरून, थंडीतापानं कुडकुडत. वावरात आडोसा नाही, म्हणून दिवसभर पाणी प्यायचं नाही आणि आलेली लघवी अंधार पडेपर्यंत दाबून धरायची. डॉक्टर गोळ्या लिहून द्यायचे. मावशी त्या बायांना दारापर्यंत सोडायला जायच्या आणि बजावायच्या, "दोघी दोघी जात जा. एकीनं लुगडं आडवं धराव, दुसरीनं बसाव. लाज मुकादमाले वाटू दे, तुले कायले?" कॉलेजच्या पुस्तकात हा उपाय नव्हता. मी आजतागायत हाच सांगते.

इतका वेळ मी गोड गोड सांगितलं. आता एका भांड्याविषयी सांगायला हवं.

सकाळी आणि दुपारी चारला मावशी खिडकीजवळच्या पहिल्या खाटेपासून दारापर्यंत फेरी मारायच्या. हातात प्लास्टिकचा एक जग. पिशवीची तोटी उघडायची, लघवी जगात घ्यायची, तोटी बंद करायची आणि पुढच्या खाटेकडे जायचं. जग भरला की संडासात ओतायचा, विसळायचा, पुन्हा पुढं. तोटी जगाच्या काठाला टेकायची. हात तेच, जग तोच. पण त्यांच्या वॉर्डात कुणाची पिशवी तुडुंब भरली आणि ओघळली असं कधी झालं नाही, आणि याचा त्यांना रास्त अभिमान होता. दवाखान्यानं जग एकच आणला होता. डॉक्टर, आम्ही नर्सेस, सगळे ती फेरी रोज पाहत होतो. मावशी सुट्टीवर असल्या की मीही तसाच जग घेऊन फिरले आहे.

मला ठाऊक होतं. हे मी आधीच सांगून टाकते. प्रत्येक रुग्णाचं भांडं वेगळं, दोन रुग्णांच्या मधे हात धुवायचे, हातमोजे बदलायचे, तोटी भांड्याला लागू द्यायची नाही, हे सगळं मला तोंडपाठ होतं, परीक्षेत लिहून मी गुण मिळवले होते. दोनेक महिन्यांनी एका दुपारी धीर करून मी म्हटलं, "मावशी, हरेकाचं भांडं अलग ठेवू आपन. अन हातमोजे घालत जा."

मावशी हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. वॉर्डाच्या मागच्या पायरीवर जग पालथा घातला, स्वतः बसल्या, मला बसवलं. "माही माय मजुरीले जाये," त्या म्हणाल्या. "मालकाच्या गोठ्यात तिची कपबशी अलग. चहा वरून वताचे. पिऊन झाला का तिनंच धुवाची अन उलटी ठिवाची. मी लहान होती. मले वाटे, मायची कपबशी अलग हाये म्हंजे माय लय मोठी मानूस हाये. समजलं तवा लय रडली. तवाच ठरोलं, माह्या हातात कारभार आला तं ज्याचं त्याचं भांडं अलग राहनार नाई. अन मोजे घालून मानसाले हात लावनं मले जमनार नाई पोरी. आमाले लोकाईनं तसाच हात लावला."

मावशींच्या घरात आजीच्या काळीच बौद्ध धम्माची दीक्षा झालेली, पण गोठ्यातली कपबशी त्यानंतरही बरीच वर्षं टिकली होती. मी कामरगावची, शेतीवाल्या घरातली. आमच्याही गोठ्यात फळीवर एक कपबशी होती, कान तुटलेली. लहानपणी मी तिच्यात चहा मागितला तेव्हा आईनं माझ्या हातावर चापट मारली होती. माझी आई वाईट बाई नव्हती. ते सगळं मला त्या पायरीवर आठवलं. त्या बाईला भांडी वेगळी करायला मी कोणत्या तोंडानं सांगणार होते? मी म्हटलं, "बरं मावशी," आणि विषय संपवला. मी फार समजूतदारपणे वागले असंच मला वाटलं. त्या रात्री मला छान झोपही लागली.

त्याच हिवाळ्यात कंडक्टरकाका आले. रिठदचे, एसटीतून निवृत्त झालेले, पडून मांडीचं हाड मोडलेलं. वाशिमला ऑपरेशन करून पुढच्या शुश्रूषेसाठी आमच्याकडे, खिडकीपासून तिसऱ्या खाटेवर. माणूस गमत्या. मावशी पिशवी रिकामी करायला वाकल्या की ते म्हणायचे, "चला, पुढं सरका, मांगं जागा करा." मावशी म्हणायच्या, "बिनटिकटाचे झोपून राह्यले अन मलेच सरका म्हनता." दोघांचा एकमेकांवर जीव बसला. काकांना आधारानं बसता येऊ लागलं होतं, नळी काढून लघवीचं भांडं देता आलं असतं. पण नळी असली की चादर भिजत नाही, कुणाला उठावं लागत नाही. काकांच्या बायकोला बरं आणि आम्हाला तर त्याहून बरं. नळी अजून कशासाठी ठेवली आहे, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

आधी पहिल्या खाटेवरच्या माणसाला थंडी वाजून ताप आला. मग दुसऱ्या. मग काकांना. पिशवीतली लघवी गढूळ, वास वेगळा. लघवीचे नमुने अकोल्याला पाठवले, औषधं सुरू केली. पहिले दोघं सावरले. काका सावरले नाहीत. ते गावांची नावं घेऊ लागले, थांब्यांमागून थांबे, आणि मावशींनी कपाळावर हात ठेवला तर त्यांना ओळखेनात. अँब्युलन्सनं अकोल्याला नेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. लघवीतला जंतू रक्तात उतरला होता. ज्याला चालायला शिकून घरी जायचं होतं तो माणूस गेला. मावशी तिसऱ्या खाटेची गादी उन्हात टाकून आल्या.

तपासणीचे कागद त्यानंतर दोन दिवसांनी आले. आमचे डॉक्टर वयानं तरुण, माणूस सरळ. त्यांनी आम्हा नर्सेसना बोलावलं आणि तीन कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडले. तिन्हींवर एकच जंतू. लागू न पडणारी औषधंही तिन्हींवर तीच. "हे तीन वेगळे आजार नाहीत," ते म्हणाले. "एकच आजार या खाटेवरून त्या खाटेवर गेलाय. कशातून गेला?" त्यांचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत मला तो जग दिसला. मी कागदांवरची नजर उचलली नाही. बाकीच्याही खाली पाहत होत्या. शेवटी डॉक्टरच म्हणाले, "तो जग मीही रोज पाहतो. माझ्यासकट सगळ्यांची चूक आहे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मावशींना तुम्ही सांगा. तुमचं त्या ऐकतात."

मी त्यांना मागच्या पायरीवरच गाठलं. काय सांगायचं ते मनात चार वेळा घोळवलं होतं, तोंडातून निघालं ते सरळ आणि ओबडधोबड. काकांना ताप जगातून आला. पहिल्या खाटेचं दुसऱ्याला गेलं, दुसऱ्याचं त्यांना. मावशी माझ्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी स्वतःचे दोन्ही हात समोर धरले, उलटे पाहिले, सुलटे पाहिले.

"माह्या हातानं?"

"तुमच्या एकटीच्या नाई मावशी. आमी सगळ्याईनं पाह्यलं अन चालू देल्लं."

"पन हात माहा." त्यांनी हात खाली घेतले. मग म्हणाल्या, "हे डाक्टरले आता समजलं?"

"हो."

"अन तुले?"

खोटं बोलायला मी तोंड उघडलं होतं. ते का बोलले नाही, मला अजून सांगता येत नाही. "मले मालूम होतं," मी म्हटलं. "कॉलेजात शिकोलं होतं."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"सांगतलं होतं ना. भांडं अलग ठेवू म्हनून."

"भांडं अलग ठेवू म्हनली तू. याच्यानं मानूस मरते, असं म्हनली का?"

नव्हतं म्हटलं. मी म्हटलं, "तुमाले वाईट वाटलं असतं."

मावशींचा चेहरा त्या क्षणी कसा झाला ते मला लिहिता येणार नाही. माझ्यासमोर माणसं दगावली आहेत, आईबापांचा आक्रोश मी ऐकला आहे, पण तो चेहरा वेगळाच. "वाईट वाटलं असतं तं वाटलं असतं," त्या म्हणाल्या. "दोन दिस बोलली नसती तुह्यासंगं. चार शिव्या देल्ल्या असत्या. कंडक्टर तं जिता राह्यला असता." आवाज चढला नव्हता. मग त्याच आवाजात म्हणाल्या, "मायले वरून चहा वतनारे लोकंबी शिव्या नोते देत. गोडच बोलत. दूर राहून गोड बोलत. तू तेच केलं वं पोरी."

मी मुळापासून हादरले. त्यांचा मान राखला, त्यांची जखम उघडी केली नाही, असं मी स्वतःला समजावत आले होते. शेजारच्या नर्सला मी बाह्या सरसावून सांगितलं असतं, भांडले असते, वरपर्यंत गेले असते. मावशींच्या बाबतीत नाही गेले. कपबशी मी गोठ्यातून उचलून दवाखान्यात आणली होती आणि मलाच त्याचा पत्ता नव्हता.

दुसऱ्या दिवशी मावशींनी सुट्टी टाकली. "रिठदले जातो. येतं का?" एवढंच म्हणाल्या. मी गेले. काकांच्या बायको ओट्यावर बसल्या होत्या. दवाखान्यातल्या मावशी आल्या म्हणून त्यांना बरं वाटलं, चहा ठेवायला उठू लागल्या. मावशी उभ्यानंच म्हणाल्या, "बाई, तुमच्या मानसाले ताप आला तो माह्या हातानं. एकाची पिशवी रिकामी केली अन त्याच हातानं, त्याच भांड्यानं त्याईची केली. मले मालूम नोतं. पन हात माहा होता." चहा ठेवायला उठलेली बाई परत बसली. ओट्यावरच्या सुपातले दाणे त्या नुसत्या बोटांनी इकडून तिकडे करत राहिल्या. मग म्हणाल्या, "ते म्हनत, मावशी हाये तोपर्यंत मले काई होत नाई." ना रागानं, ना माफीनं. आम्ही बराच वेळ बसून निघालो.

परतीच्या जीपमध्ये मी विचारलं, "मावशी, तुमी माहं काहून नाई सांगतलं?"

"तुह्यं तू सांग," त्या बाहेर बघत म्हणाल्या. "मी कायले सांगू?"

त्यानंतर मावशी निवृत्त होईपर्यंत पाचेक वर्षं आमच्या वॉर्डात होत्या. प्रत्येक खाटेखाली वेगळं भांडं आलं. त्यांनी जुन्या लुगड्यांच्या चिंध्या फाडून हरेक भांड्याच्या कानाला वेगळ्या रंगाची गाठ मारली, कारण आकडे त्यांना वाचता येत नसत. एका खाटेकडून दुसरीकडे जाताना साबणानं हात धुवायच्या, मोजे बदलायच्या, आणि मोजे चढवताना प्रत्येक नव्या माणसाला न चुकता सांगायच्या, "हे तुमची किळस म्हून नाई हां. एकाचं दुसऱ्याले जाऊ नये म्हून." पहिले काही दिवस हे म्हणताना त्यांचा आवाज अडखळायचा. डॉक्टर राउंडला आले की खाटेच्या पायाशी उभ्या राहून विचारायच्या, "साहेब, नळी अजून कायले?" डॉक्टरांना उत्तर द्यावंच लागे. पुष्कळदा उत्तर नसे आणि नळी निघे. एका अतिशहाण्या नव्या नर्सनं त्यांना विचारलं, मावशी, तुम्हाला काय कळतं त्यातलं? मावशी म्हणाल्या, "मले जे कळते ते एका मानसाच्या जिवावर कळलं. तुले फुकट देऊन राह्यली, घे."

माझ्याशी त्या पूर्वीसारख्याच वागल्या, असं मी लोकांना सांगते. जेवली का विचारायच्या, रागवायच्या, पोरीच म्हणायच्या. मीच त्यांच्या डोळ्यांत नीट पाहू शकत नसे. निवृत्तीनंतर त्या लेकीकडे वाशिमला राहायला गेल्या आणि दोन वर्षांनी एका सकाळी बसल्या जागी गेल्या. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे त्यांच्या आठवणीच्या कार्यक्रमात मला चार शब्द बोलायला सांगितलं. मी व्याह्यांची गोष्ट सांगितली, लोक हसले. सोंगणीच्या बायांची सांगितली, बायांनी डोळे पुसले. त्यांचे सगळे गुण सांगून मी खाली बसले. त्यांच्या लेकीनं माझे हात हातात घेतले आणि म्हणाली, "माय तुमचं लय नाव घ्याची." मला तिथं बसवेना.

आता मी त्याच दवाखान्यात मुख्य नर्स आहे. नव्या मुलींना पहिल्या दिवशी वाकून खाटेखाली पाहायला लावते. भांडी, हात, तोटी, नळी सगळं शिकवते, आणि समोरच्याला वाईट वाटेल म्हणून गप्प बसलेली मला चालणार नाही, हे दरडावून सांगते. मुली मला कडक समजतात. रिठद रिसोडहून लांब नाही. जीपवाले दिवसभर हाका मारत असतात, आणि काकांच्या बायको अजून आहेत, तब्येत बरी आहे, असं त्या गावाहून येणारे रुग्ण मला सांगतात. मी त्या रुग्णांना तपासते, औषध देते, पाणी भरपूर प्या म्हणते. मावशी त्या ओट्यावर उभ्या राहून आपलं सांगून आल्या. माझं मी अजून सांगितलेलं नाही.